विसणाची नळी

आखातात ऋतू आभाळातून येत नाहीत, नळातून येतात. परवा सकाळी बाथरूममध्ये निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात आपोआप मागे आला. पाणी गार होतं! मे महिन्यापासून हाच नळ अंग भाजणारं पाणी ओतत होता, कारण बिल्डिंगवरची टाकी दिवसभर उन्हात उकळत असते. त्या दिवसांत आम्ही गीझर बंद करतो आणि लाल खुणेच्या नळाने आंघोळ करतो, कारण बंद गीझरमधलं पाणी घरातल्या एसीत राहून त्यातल्या त्यात निवलेलं असतं. लाल म्हणजे गार, निळा म्हणजे गरम. भारतातून नवीन आलेला पाहुणा पहिल्या दिवशी बाथरूममधून ओरडला की आम्हाला मनातून थोडं बरं वाटतं. आपण इथले जुने झालो याची तेवढीच पावती.

आणि मग एक दिवस हा असा येतो. निळा नळ शहाण्यासारखा वागू लागतो, सकाळी खिडकीबाहेर धुकं असतं, दुबईतल्या आमच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीचे समोरचे टॉवर कमरेपासून वर नाहीसे झालेले असतात, आणि मी गीझरचं बटण दाबते. परवा दाबलं, अर्ध्या तासाने बादलीत कढत पाणी घेतलं आणि वरून गार पाणी ओतू लागले. दारात सई उभी. बारावीला आहे, आंघोळीलाही घड्याळ लावते.

"आई, जस्ट यूज द मिक्सर टॅप ना. व्हाय द बकेट?"

"विसण घालतेय."

"व्हॉट्स विसण?"

कढत पाणी अंगाला सोसेल असं करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात, ते विसण. एवढं सांगून मी मोकळी झाले. पण आमच्या घरात या शब्दाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली खलनायिका मी आहे, हे मात्र तिला सांगितलं नाही. सहा वर्षांची होती तेव्हा ती. तिला आठवत असलंच तर नारळाचा प्रसाद आठवत असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोहन, माझा नवरा, रास अल खैमाच्या डोंगराच्या पायथ्याशी एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर होता. कंपनीने फार पूर्वी गोऱ्या साहेबांसाठी बांधलेली बैठी घरं आम्हाला राहायला दिली होती. आखातात थंडी ती काय, असं म्हणणाऱ्याने डिसेंबरात तिथे एक रात्र काढावी. दिवसा डोंगर बिचारे भाजलेल्या वांग्यासारखे काळे-जांभळे दिसायचे, पण ऊन कलल्याबरोबर त्यांच्यावरून असं वारं सुटायचं की अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाळायचे सोडून कुडकुडायचे. साहेब लोकांनी म्हणून तिथे आपल्या देशासारखी सोय करून ठेवली होती. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत डिझेलवर चालणारा बॉयलर, शेजारी डिझेलची टाकी, खोल्यांत भिंतीला टेकून उभी असलेली गरम पाण्याची लोखंडी पॅनेलं, आणि आंघोळीच्या पाण्याचं मोठं तांब्याचं सिलिंडर घराच्या आत, बोळातल्या कपाटात. हिवाळ्याचे तीन महिने बॉयलर चालायचा, बाकी नऊ महिने झोपायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरात आप्पा आमच्याकडे आले. आप्पा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. जूनमध्ये आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. त्यानंतर गावाकडच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला, "वृंदा, रागावू नकोस, पण आप्पांच्या घरात चार-चार दिवस गॅस पेटत न्हाई. चिवडा खाऊन झोपतात." मोहनने व्हिजिट व्हिसा काढला आणि त्यांना घेऊन आला.

आले खरे, पण एक खुर्ची अंगणात टाकून डोंगराकडे तोंड करून बसले, ते बसलेच. दाढी आठवड्यातून एकदा. अर्धी भाकरी. बोलणं एवढंच, तेही शुक्रवारी सुट्टीला मोहन घरी असला की, "माझ्या तिकिटाचं काय झालं?" मोहन म्हणायचा, बघतो. मी म्हणायचे, थंडी तरी संपू दे. ते पुन्हा डोंगराकडे तोंड करायचे. मला मात्र आतून धडकी भरायची. गावी एकटे परत गेले तर हा माणूस जेवणार नाही आणि एक दिवस तसाच संपेल, हे मला दोन अधिक दोन इतकं स्वच्छ दिसत होतं. माझं आणि आप्पांचं सख्य होतं असं नाही, बरं का. त्यांना माझ्या हातची आमटी गोड लागायची आणि मला त्यांचा घसा खाकरणं सहन व्हायचं नाही. पण आमटीला नावं ठेवायला तरी माणूस असावा लागतो.

डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी मी बॉयलर चालू केला. आतून घरघर झाली, एक खोकला, आणि लाल दिवा लागला. पुन्हा बटण, पुन्हा खोकला, पुन्हा लाल. कंपनीचे इस्माईलभाई आले. मूळचे दापोलीकडचे, कॉलनीतल्या सगळ्या घरांचे नळ, एसी आणि कुलपं त्यांच्या ताब्यात. त्यांनीही तीनदा बटण दाबलं.

"वहिनी, हा बर्नर खलास. नवा मागवायला लागेल. दोन हफ्ते, इन्शाल्ला."

दोन हफ्ते इन्शाल्ला म्हणजे मार्च, हे मला ठाऊक होतं. मी काही बोलणार तेवढ्यात अंगणातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उठून पत्र्याच्या खोलीच्या दारात आले.

"बर्नर कशाला बदलायचा? आग लागत न्हाई म्हंजे तेल न्हाई, न्हाईतर हवा न्हाई, न्हाईतर ठिणगी न्हाई. चौथं काही नसतंय."

"चाचा, तुम्ही इंजिनिअर?"

"न्हाई. इंजिनिअर चुकला की ज्याला बोलवतात, तो मी."

दोन महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. मी चहा ठेवायला आत पळाले, कारण मला हसू येत होतं की रडू हे माझं मलाच कळेना.

पुढचे दिवस आठवले की आधी वास येतो, डिझेलचा. आप्पांच्या लेंग्याला, चहाच्या कपाला, सईच्या केसांनाही. टाकीच्या तळाशी नऊ महिन्यांचा काळा गाळ बसला होता, तो त्यांनी इस्माईलभाईंकडून उपसून घेतला. गाळणी काढली, ती डांबरासारखी. तेलाचा फवारा उडवणारी टोटी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. आणि शेवटी सापडला तो डोळा. बॉयलरला एक काचेचा डोळा असतो. आग दिसली तर तो तेल सोडू देतो, नाही दिसली तर सगळं बंद करतो. त्या डोळ्यावर काजळी धरली होती. आग लागत होती, पण बॉयलरला ती दिसतच नव्हती. आप्पांनी माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा मागून घेतला आणि लहान मुलाचं नाक पुसावं तसा तो डोळा पुसला.

"आता पेटंल," ते म्हणाले. "पण असा न्हाई पेटवायचा."

आमच्याकडे साखर कारखान्यांत हंगामाच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ असतो. नवरा-बायकोचं जोडपं पूजेला बसतं, नारळ फुटतो, मग आग. आप्पांना घरच्या बॉयलरसाठीही तेच हवं होतं. सुपरमार्केटमधून श्रीलंकेचा नारळ आणला. मोहन कामाच्या कपड्यांत, मी स्वेटरवर शालू गुंडाळून, असे आम्ही सिमेंटच्या जमिनीवर पाटाविना बसलो. इस्माईलभाई अदबीने बूट काढून बाजूला उभे राहिले. बॉयलरला कुंकू लावलेलं बघून सई म्हणाली, "इज इट हिज बर्थडे?" आणि आप्पा हसले. मग हळूच म्हणाले, "एका वर्षी आम्ही बसलो होतो पूजेला. चेअरमनसाहेब आजारी पडले म्हणून ऐन वेळी आम्हाला बसवलं. सुमनने शेजारणीची नथ मागून घातली होती." आईंचं नाव त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा घेतलं.

बटण दाबलं. घरघर, एक क्षण शांतता, मग धप्प. छोट्या काचेतून नारिंगी उजेड आला. इस्माईलभाई ओरडले, "यल्ला, चला!" तासाभरात भिंतीवरची पॅनेलं टिकटिक करत तापू लागली, आणि सई त्यांना पाठ लावून बसली ती जेवायलाच उठली.

मला वाटलं, झालं. पण नळाला हात लावला तर पाणी कोमट. सकाळीही कोमट, दुपारीही कोमट. धड गार नाही, धड गरम नाही, कुणाचंच मन मोडायचं नाही असं ठरवलेल्या पाहुण्यासारखं. खोल्या उबदार, बॉयलर दिवसभर जळतोय, आणि आंघोळीला मात्र आम्ही गॅसवर पातेलं चढवतोय. आप्पांनी पातेल्याचं पाणी नाकारलं. घरात बॉयलर असताना गॅसवर पाणी तापवायचं, हा त्यांना त्या यंत्राचा आणि स्वतःचाही अपमान वाटत होता. ते कोमट पाण्यानेच आंघोळ करत आणि बाहेर येऊन दात वाजवत विचारत, "आग हाय, पाणी हाय. मग ऊब जाती कुठं?"

त्यांनी शोध सुरू केला. सईची एक कोरी वही घेऊन दर दोन तासांनी कुठला पाइप किती गरम ते लिहू लागले. बॉयलरमधून निघणारा पाइप कढत, सिलिंडर वरून कढत. नळात कोमट. एक दिवस थर्मोस्टॅटवर संशय, एक दिवस पंपावर. रोज दाढी करू लागले, कारण इस्माईलभाई आठला यायचे. भाकरी दीड झाली, मग दोन. इस्माईलभाईंशी चहात आलं असावं की वेलची यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी दोन्ही घालून चहा प्यायला. मधला शुक्रवार आला आणि गेला, तिकिटाचा विषय निघाला नाही. मोहन मला खुणेने म्हणाला, आठवण करू नकोस.

आणि सोमवारी मला बिघाड सापडला.

मागच्या न्हाणीघरात मी कपडे धुवायची. आप्पा तिकडे कधी फिरकत नसत. उन्हाळ्यात तिथे मी एक शक्कल लढवली होती. निळ्या नळाचं पाणी उकळतं, लाल नळाचं, म्हणजे बंद सिलिंडरमधलं, गार; दर बादलीला विसण घालत कोण बसणार? मी दोन्ही नळांना नळ्या जोडल्या, त्या पुढे एका नळीत आणल्या आणि तिच्या तोंडाशी छोटा कॉक बसवला. दोन्ही नळ कायमचे उघडे. कॉक फिरवला की आयतं सोसेलसं पाणी. विसणाची नळी! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की शेजारच्या दोघींना मी ती बोलावून दाखवली. हिवाळा आला, पाणी उलटं सुलटं झालं, पण नळी तशीच राहिली. त्या सोमवारी सतरंजी धुवायला मला जास्त पाणी हवं होतं म्हणून मी नळी काढायला निळा नळ बंद केला. त्याच वेळी स्वयंपाकघरात सई हात धूत होती. ती किंचाळली, "आई! इट्स सो हॉट!"

मी ओल्या हातांनी तिथेच बसले. सगळा उलगडा झाला. तोंडाचा कॉक बंद आणि मागचे दोन्ही नळ उघडे, म्हणजे गार आणि गरम पाण्याला त्या नळीतून एकमेकांकडे जायला आडवाट मिळाली होती. घरात कुठेही गरम नळ सोडला की या वाटेने छतावरच्या टाकीतलं गार पाणी त्यात घुसत होतं. आठ-दहा दिवस माझी नळी साऱ्या घराला विसण घालत होती.

उठून सांगायला चार पावलं होती. अंगणातून आप्पांचा आवाज येत होता, इस्माईलभाईंना सांगत होते की बॉयलरशी कसं बोलावं. स्वर चढा होता, तरतरीत, जून महिन्याच्या आधीचा. मी ऐकत राहिले. बिघाड संपला की हा आवाजही संपेल, मग पुन्हा ती खुर्ची, तो डोंगर, ते तिकीट. मी निळा नळ पुन्हा उघडला.

आजही मला त्या क्षणाचा पश्चात्ताप नीट करता येत नाही. लबाडी होतीच. पण आपल्या माणसाला धरून ठेवायला आपण आखातात काय काय करतो! फोनवर खोकला लपवतो, सुट्टी मिळत नाही ते दडवतो, इथे सगळं मजेत आहे म्हणून सांगतो. त्या खोट्यांच्या ढिगात माझी एक नळी, असं मी स्वतःला समजावलं. मंगळवारी दुपारी आप्पांना बटाट्याची भाजी वाढताना मात्र त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

बुधवारी त्यांनी ठरवलं की सिलिंडरच्या आतल्या वेटोळ्यावर क्षार चढले असणार, म्हणून ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही. इथलं पाणीच तसं. इस्माईलभाईंनी औषध आणलं. गुरुवारी दोघांनी मिळून सिलिंडर रिकामं केलं, औषध घातलं, धुतलं, भरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस दुपारभर त्या कपाटात गुडघ्यांवर होता. चार वाजता बॉयलर पेटला. पाचला आप्पांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि त्याखाली हात धरून उभे राहिले. बराच वेळ.

कोमट.

इस्माईलभाई म्हणाले, "चाचा, थोडा टाइम द्या." आप्पांनी मान हलवली. हात लेंग्याला पुसले, वही मिटून सईच्या दप्तरावर ठेवली आणि अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी डोंगराकडे बघतच म्हटलं, "हात गेला माझा, वृंदा. छत्तीस वर्षांत असं झालं न्हाई. दोन वीत पाइपात ऊब कुठं जाती ते कळंना, तर काय उपयोग? मोहनला सांग, या हप्त्याचं तिकीट बघ म्हणावं."

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. ज्यासाठी मी गप्प बसले, तेच माझ्या गप्प बसण्याने ओढवून आणलं होतं. वर त्यांची विद्याही काढून घेतली होती. चहाचा कप मी पायरीवर ठेवला.

"आप्पा, जरा आत चला."

मागच्या न्हाणीघरात त्यांना नळी दाखवली. समजावून काहीच सांगावं लागलं नाही. ते क्षणभर बघत राहिले, वाकले, निळा नळ बंद केला आणि म्हणाले, "इस्माईल, सैपाकघरात नळ सोड." मिनिटभरात तिकडून आरोळी आली, "या अल्ला! चाचा, हात भाजला!" आप्पांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला वाटलं, सुटले. पण ते माझ्याकडे वळले.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, म्हटलं असतं.

"सोमवारी."

"आज काय वार?"

"गुरुवार."

त्यांनी बंद केलेला निळा नळ आणखी घट्ट पिळला. मग आवाज न चढवता म्हणाले, "बॉयलरवर खोटं बोलायचं नसतं. माणसं मरतात." मी रडत रडत सगळं सांगितलं. तुम्ही बोलायला लागला होता, जेवायला लागला होता, तुमचा आवाज परत आला होता, तो जाईल म्हणून मी घाबरले. तुम्ही गावी एकटे गेलात तर काय होईल याची मला भीती वाटते. सुनेने सासऱ्यापुढे असं बोलायचं नसतं, पण बोलून गेले. ते माझ्या बाजूने निघून गेले. जेवायला आले नाहीत. मोहनला मी घडलं तसं सांगितलं, आणि तो पानावरून उठून आप्पांचं ताट झाकून आला.

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मग दार सताड उघडलं. आतून नुसती वाफ. आप्पा, इतक्या दिवसांनी कढत पाण्याने आंघोळ केलेले, लालबुंद, ओल्या पंचाने डोकं पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात मोहनसमोर जाऊन बसले. मी पाट्यावरच्या चटणीला हात घातला, काहीतरी हातात असावं म्हणून.

"आप्पा, तिकीट..." मोहनने सुरुवात केली.

"ऐक. ही बाई मे महिन्यात ती नळी परत जोडणार. उकाड्यात जोडावीच लागंल, कल्पना वाईट न्हाई. पण थंडी आली की काढायला इसरणार. आणि कळलं तरी सांगायची न्हाई." त्यांनी रात्रीचं झाकलेलं ताट पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि ताट पुढे सरकवलं. "गोड झालीय. अजून वाढ. मोहन, तो व्हिसा किती दिवस वाढतोय ते बघ. हिच्या भरवशावर मी बॉयलर सोडून जायचा न्हाई."